कृतज्ञतेची वही आणि ऋतूबरोबर येणारं नैराश्य: या चुका टाळा

"रोज रात्री पाच चांगल्या गोष्टी लिहा, उदासी आपोआप जाईल." असा सल्ला देणाऱ्यांना एकदा आमच्या आधारगटात आणून बसवावं, असं मला फार वाटतं. दिवस लहान व्हायला लागले की तिथे नव्याकोऱ्या वह्या दिसू लागतात. थोड्याच आठवड्यांत त्या वह्या कुठल्यातरी कप्प्यात जाऊन पडतात आणि त्यांचे मालक म्हणतात, "आपल्याला नाही बुवा हे जमत." न जमण्यासारखं त्यात काही नसतं. बहुतेकांनी त्याच त्या चुका केलेल्या असतात, आणि दरवर्षी तेच तेच समजावून सांगायचा मला आता कंटाळा आलाय. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

वहीलाच औषध समजणं

ऋतूबरोबर येणारं नैराश्य हा नैराश्याचाच एक प्रकार आहे, नुसती मरगळ नव्हे. १९८४ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं. निदान करताना डॉक्टर किमान लागोपाठ दोन वर्षं तोच ऋतू आणि तीच घसरण दिसते का, ते पाहतात. हिवाळी प्रकारात झोप वाढते, गोड आणि पिठूळ खावंसं वाटतं, वजन चढतं, अंग जड होतं. काहींना हे उन्हाळ्यात होतं, आणि तेव्हा उलट झोप उडते, भूक मरते. हिवाळी प्रकारामागे सकाळचा उजेड कमी पडणं आणि शरीराचं घड्याळ मागे सरकणं हे एक मोठं कारण मानलं जातं. आता मला सांगा, वहीत 'आजचा दिवस छान गेला' असं लिहिल्याने ते घड्याळ पुढे कसं येणार?

उजेडाचं काम उजेडानेच होतं. घरातल्या दिव्याखाली शे-दोनशे, फार तर पाचशे लक्स (उजेड मोजायचं एकक) मिळतात. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर सहसा हजाराच्या पुढे असतात. उपचारासाठीचा लाइट बॉक्स, म्हणजे प्रखर उजेड देणारा खास दिवा, १०,००० लक्सचा असतो आणि सकाळी उठल्यावर लवकरच त्याच्यासमोर साधारण अर्धा तास बसायचं असतं. (डोळ्यांचा काही आजार असेल किंवा बायपोलर (नैराश्य आणि मनाची अतितेजी आलटून पालटून येणारा आजार) असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा बॉक्स लावू नका. बायपोलरमध्ये त्याने मनाची तेजी उसळू शकते.) विचार आणि वागण्यावर काम करणारी, खास याच आजारासाठी बेतलेली मानसोपचाराची पद्धतही आहे. व्हरमाँट विद्यापीठात केली रोहन यांनी तिची लाइट बॉक्सशी तुलना केली. त्या हिवाळ्यात दोन्हींचा गुण सारखाच आला. पण दोन हिवाळ्यांनंतर पाहिलं, तर लाइट घेतलेल्यांपैकी सुमारे ४६ टक्के लोकांना नैराश्य पुन्हा आलं होतं आणि मानसोपचार घेतलेल्यांपैकी सुमारे २७ टक्क्यांना.

आणि वही? २०२१ मध्ये क्रेग आणि चीव्हन्स यांनी कृतज्ञतेच्या सरावावरचे २७ अभ्यास एकत्र तपासले. नैराश्य आणि चिंतेवर परिणाम दिसला, पण अगदी लहान. हे ऐकून काही जण वही फेकून द्यायला निघतात. फेकू नका. लहान परिणाम फुकटात मिळत असेल तर मी तो घेते. फक्त त्याच्या भरवशावर गोळ्या, लाइट किंवा डॉक्टर सोडत नाही.

मोघम आणि लांबलचक याद्या

आमच्या गटात एक बाई आहेत. शिस्तीच्या, हातात घेतलेलं तडीस नेणाऱ्या. कुठेतरी वाचून त्यांनी रोज रात्री वीस गोष्टी लिहायचं ठरवलं. मी म्हटलं, "ताई, एक लिहा." त्यांना ते आळशीपणाचं वाटलं. पहिला आठवडा जोरात गेला. मग यादी ठरूनच गेली: आरोग्य, घर, नवरा, मुलं, नोकरी, डोळे, हात, पाय. माणूस अवयव मोजायला लागला की समजावं, लिहिण्यासारखं संपलंय. पण वीसचा आकडा पुरा व्हायलाच हवा होता, म्हणून त्या मध्यरात्र उलटेपर्यंत वही घेऊन बसायच्या. सकाळी जाग येईना. त्यामुळे लाइट बॉक्ससमोर बसणं आधी उशिरा, मग अधूनमधून, मग बंद. जे लागू पडत होतं ते सुटलं आणि जे छळत होतं ते निष्ठेने चालू राहिलं.

ऐन हिवाळ्यात एकदा त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. पानावर एक ते वीस आकडे ओळीने मांडलेले, त्यातले सात भरलेले, आणि खाली लिहिलेलं: 'एवढं सगळं असून मी अशी. खोट माझ्यातच आहे.' मी त्यांना त्यांच्या बहिणीला फोन करायला लावला आणि त्याच आठवड्यात त्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या.

असं का होतं याची दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे मन यादीच्या लांबीकडे बघत नाही, ती भरताना किती ओढाताण झाली ते बघतं. नॉर्बर्ट श्वार्झ यांनी १९९१ मध्ये काही लोकांना आपण ठामपणे वागल्याचे सहा प्रसंग आठवायला सांगितले आणि काहींना बारा. बारा प्रसंग आठवणाऱ्यांनी स्वतःला कमी ठाम ठरवलं, कारण शेवटचे प्रसंग आठवता आठवेनात. वीस चांगल्या गोष्टी शोधताना दमलेलं मनही तोच निष्कर्ष काढतं: सापडत नाहीत, म्हणजे नाहीतच. दुसरं कारण नैराश्यातल्या स्मरणशक्तीचं. १९८६ पासून मार्क विल्यम्स आणि इतरांच्या कामातून दिसत आलंय की अशा काळात आठवणी मोघम होतात. नेमका प्रसंग हाती लागत नाही, 'मुलं चांगली आहेत' एवढ्यावरच मन थांबतं. म्हणजे मोघम यादी लिहिणारा माणूस आजार जे करतो तेच वहीत गिरवत असतो.

माझा उपाय सोपा आहे, आणि नवख्यांना तो नेहमीच फार किरकोळ वाटतो. एक गोष्ट. आज किंवा काल घडलेली. तिच्यात वेळ, जागा आणि शक्यतो एखादा माणूस हवा. 'मुलगी' असं नाही लिहायचं. 'जिन्यातला दिवा गेला होता, तर मी खाली पोचेपर्यंत मुलगी वर मोबाइलचा उजेड धरून उभी राहिली' असं लिहायचं. पुढे एक वाक्य: हे कशामुळे घडलं? २००५ मध्ये मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी तपासलेल्या सरावात तीन चांगल्या गोष्टी होत्या, पण प्रत्येकीपुढे तिचं कारणही लिहायचं होतं. लोक तीनचा आकडा तेवढा लक्षात ठेवतात आणि कारणाचा भाग गाळतात. माझ्या मते खरं काम तोच भाग करतो. 'मी काल तिला सांगितलं होतं की मला जिन्यात भीती वाटते' हे लिहिताना आपण काहीतरी बोललो आणि कुणीतरी ते ऐकलं, हे दिसतं.

त्या बाई आता सकाळी लाइट बॉक्स बंद केल्यावर एक ओळ लिहितात. तो हिवाळा त्यांना सुखाचा गेला असं मी म्हणणार नाही. पण त्या उठत होत्या.

स्वतःला दटावण्यासाठी कृतज्ञता

"लोकांना बघा, त्यांच्याकडे हेही नाही." असं घरातलं कुणी म्हणालं की मी विषय बदलते. असं कुणी आपल्याच वहीत लिहायला लागलं तर मात्र थांबवते. दुसऱ्याच्या दुःखाशी मोजून काढलेलं समाधान नैराश्यात अपराधीपण होऊन अंगावर येतं, आणि या आजारात त्याची काही टंचाई नसते.

तुलना करायचीच असेल तर त्याच गोष्टीच्या नसण्याशी करा. २००८ मध्ये मिंक्युंग कू आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की चांगली गोष्ट घडली याचा विचार करण्यापेक्षा ती घडलीच नसती तर काय, असा विचार केल्यावर लोकांना जास्त बरं वाटलं. मी आठवड्यातून एखाद्या वेळी हे करते: ती मैत्रीण त्या दिवशी त्या रांगेत माझ्या पुढे उभी नसती तर? पण मन फारच खाली असेल तेव्हा नाही. तेव्हा 'नसती तर' हा विचार सरळ भीतीकडे जातो.

आणि कुरकुरीला जागा ठेवा. माझ्या वहीत डावं पान तक्रारींचं असतं. ते बहुतेक वेळा उजव्यापेक्षा जास्त भरलेलं असतं, आणि तसं असायला काही हरकत नाही. डावं पान दाबून टाकलं की उजव्या पानावरचं सगळं खोटं वाटायला लागतं.

तळाला पोचल्यावर सुरुवात करणं

उठून तोंड धुणं जमत नसताना नवी सवय लावता येत नाही. दिवस अजून मोठे असताना, म्हणजे बरं वाटत असतानाच, सुरू करा. बरं वाटत असताना लोकांना याची आठवण येत नाही, हीच तर अडचण आहे. औषधातही हेच तत्त्व आहे. अमेरिकेत २००६ मध्ये बुप्रोपिऑन या नैराश्यावरच्या औषधाच्या दीर्घकाळ काम करणाऱ्या गोळीला हिवाळी नैराश्य टाळण्यासाठी मंजुरी मिळाली, आणि ती लक्षणं दिसायच्या आधीच, शरद ऋतूत सुरू करतात. तशी तयारी वहीची का नको?

आणि कृपा करून चौथ्या दिवशी मला "काही फरक नाही" असा मेसेज पाठवू नका. २००३ च्या एमन्स आणि मॅकलो यांच्या गाजलेल्या प्रयोगांपैकी एकात लोक दहा आठवडे लिहीत होते, तेही आठवड्यातून एकदा.

'रोज' या शब्दाचा हट्ट

सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या एका अभ्यासात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांचं समाधान वाढलं, तीनदा लिहिणाऱ्यांचं वाढलं नाही. तरीही या ऋतूत मी रोज लिहिते, कारण त्या निमित्ताने मी सकाळी खिडकीपाशी येते आणि लिहून झालं की बाहेर पडते. वहीपेक्षा मला त्या उजेडाची जास्त गरज असते. तुमचं लिहिणं शिळं वाटायला लागलं तर खुशाल आठवड्यातून एकदा लिहा, पण खिडकी आणि चालणं रोजचं ठेवा.

बाकीच्या चुका थोडक्यात. रात्री पांघरुणात मोबाइलवर लिहू नका, त्या पडद्याने झोप आणखी मागे जाते. सलग दिवस मोजणारं ॲप नको. एक दिवस चुकला की ते तोंड पाडतं आणि तुम्हीही पाडता. चुकलेल्या दिवसाची भरपाई दुसऱ्या दिवशी करू नका. लिहिलेलं लगेच सगळ्यांना दाखवू नका, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून त्यांच्यासाठीच लिहायला लागाल. 'आज काहीच नाही' असं वाटलं तर तेच लिहा आणि तारीख घाला.

कधी लिहू नये

जगणं नकोसं वाटत असेल, स्वतःला इजा करायचे विचार येत असतील, किंवा अंथरूण सुटत नसेल, तर वही मिटा आणि डॉक्टरांना, हेल्पलाइनला किंवा जवळच्या माणसाला फोन करा. त्या क्षणी एखादी चांगली गोष्ट आठवण्याची जबाबदारी तुमच्यावर नाही.

ऋतू बदलला की वही टाकून देणं

हे जवळपास सगळेच करतात. बरं वाटायला लागलं की तिच्याकडे बघवत नाही, आणि मला ते कळतं. पण टाकण्याआधी अर्धा तास काढून मागची पानं चाळा आणि तीन तारखा वेगळ्या लिहून ठेवा: अक्षर बिघडायला आणि ओळी आखूड व्हायला कधी लागल्या, डावं पान सर्वांत जास्त कधी भरलं, आणि सकाळी आपणहून जाग कधी यायला लागली. पुढच्या वर्षी पहिल्या तारखेच्या महिनाभर आधी डॉक्टरांची वेळ घ्या आणि हा कागद सोबत न्या. 'दर हिवाळ्यात मला बरं नसतं' एवढंच सांगण्यापेक्षा दोन वर्षांच्या तारखा समोर असल्या की त्यांना निदान करणं आणि उपचार कधी सुरू करायचे ते ठरवणं खूप सोपं जातं.