जुनी थकबाकी असताना नवीन घरकर्ज कसं मिळवायचं

कर्ज थकलं, पुढं भरलं किंवा माफ झालं, आणि आता घर बांधायला नवीन कर्ज पाहिजे. बँकेत गेलं की पहिला विषय सिबिल स्कोअरचा, म्हणजे परतफेडीच्या इतिहासावरून मिळणाऱ्या गुणांचा निघतो. स्कोअर महत्त्वाचा आहेच, पण खेड्यात प्रकरण जास्त करून अडतं ते जुनं कर्ज एका कागदावर मिटलेलं आणि दुसऱ्यावर जिवंत असतं म्हणून. म्हणून अर्ज करण्याच्या निदान सहा महिने आधी कागद साफ करायला घ्या.

सुरुवात क्रेडिट रिपोर्टपासून. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार कंपन्या दरवर्षी प्रत्येकी एक पूर्ण रिपोर्ट फुकट देतात. चारही काढा, कारण एकीत असलेली नोंद दुसरीत नसू शकते आणि बँक कोणता रिपोर्ट पाहील हे आपल्या हातात नसतं. स्कोअरच्या ३०० ते ९०० मधल्या आकड्यावर अडकू नका, खाली प्रत्येक खात्यासमोर काय लिहिलंय ते वाचा: क्लोज्ड (पूर्ण फिटलेलं), सेटल्ड (तडजोडीत मिटलेलं) की रिटन-ऑफ (बँकेनं बुडीत धरलेलं), थकीत रक्कम किती, मागच्या ३६ महिन्यांत हप्ता किती दिवस लांबला. साळ्याच्या ट्रॅक्टरला दिलेली जामीनकीही इथंच सापडते. बायको सहकर्जदार असेल तर तिचाही रिपोर्ट पाहा. गटकर्जाचे राहिलेले हप्ते तिथं दिसतात. एकाच नावाचे दोघं गावात असले तर दुसऱ्याचं खातं आपल्या रिपोर्टात घुसल्याचंही आढळतं.

चूक दिसली तर त्याच कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार करा, पैसे लागत नाहीत. पण ती कंपनी शेवटी कर्ज देणाऱ्या बँकेलाच विचारते. म्हणून शाखेत आधी लेखी अर्ज द्या, बेबाकी दाखल्याची (कर्ज फिटल्याच्या दाखल्याची) प्रत जोडा आणि पोच घ्या. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाई मागता येते.

‘सेटल्ड’ हा शब्द सगळ्यात जास्त नडतो. समजा २ लाख ४० हजार थकले होते आणि एकरकमी तडजोडीत दीड लाखावर मिटले. आपल्या दृष्टीनं विषय संपला, पण नवीन बँकेला ९० हजार बुडवणारा माणूस दिसतो. ऐपत असेल तर सोडलेली रक्कम भरून खातं ‘क्लोज्ड’ करून देणार का, हे जुन्या बँकेला विचारा. मात्र पैसे भरण्याआधी होकार लेखी घ्या. तडजोड केलेल्या बँकेकडूनच पुन्हा कर्ज हवं असेल, तर बिगरशेती कर्जाला निदान १२ महिने थांबावं लागतं. शेतीकर्जासाठी मुदत ज्या-त्या बँकेचं संचालक मंडळ ठरवतं. थकीत कर्ज वसुली कंपनीला विकलं गेलं असेल तर दाखलाही त्या कंपनीचाच लागेल. वसुलीवाल्याच्या हातात रोख देऊ नका.

२०१७ किंवा २०१९ च्या कर्जमाफीत नाव होतं म्हणजे खातं शून्य झालंच, असं धरून चालू नका. २०१९ च्या योजनेची मर्यादा २ लाखांची होती. शाखेतून किंवा सोसायटीच्या गटसचिवाकडून कर्ज उचलल्यापासूनचा खातेउतारा घ्या आणि शेवटची ओळ पाहा. किरकोळ व्याज शिल्लक असलं तरी खातं थकीतच दिसतं.

आता सातबारा. पैसे भरून वर्षं झाली तरी ‘इतर हक्क’ रकान्यातला बोजा आपोआप उतरत नाही. बँकेचं बोजा कमी करण्याचं पत्र घेऊन ई-हक्क प्रणालीवर किंवा तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) अर्ज करायचा. फेरफार तयार होतो आणि मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात. पत्रात सगळे गट नंबर, कर्जाची रक्कम आणि बोजा ज्या फेरफारानं चढला त्याचा नंबर पाहिजे. बोजा तीन गटांवर आणि पत्रात एकच गट, ही नेहमीची गफलत. दुसरी अडचण बँकेच्या नावाची. देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेली, विदर्भ कोकण ग्रामीण बँक २०२५ मध्ये महाराष्ट्र ग्रामीण बँकेत. सातबाऱ्यावर मात्र जुनंच नाव असतं, म्हणून नव्या बँकेच्या पत्रात ‘पूर्वीची अमुक बँक’ असं लिहून घ्या. सोसायटीनं सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला मिळवून जप्तीची नोंद केली असेल तर ती उठवल्याचं पत्र वेगळं लागतं. सामाईक सातबाऱ्यावर भावाचा बोजा असेल तर आधी वाटणी करून पोटहिस्सा वेगळा करा. बँकेचा वकील हा मुद्दा काढतोच.

जुन्या कर्जाला मूळ खरेदीखत ठेवलं होतं का? पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत ते परत मिळालं पाहिजे. उशिराला दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. सेर्साई या केंद्रीय नोंदवहीतला तारणाचा भारही उतरवल्याची खात्री त्याच वेळी करून घ्या.

वावरावर सहसा घरकर्ज मिळत नाही, जागा अकृषक किंवा गावठाणातली लागते. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. स्वामित्व योजनेत गावाची ड्रोन मोजणी झाली असेल तर सनद किंवा मालमत्ता पत्रक काढा, वकिलाचं निम्मं काम सोपं होतं.

दरम्यान परतफेडीचा ताजा पुरावा तयार करा. पीककर्ज मुदतीत भरून नवं करा. ३ लाखांपर्यंत व्याज सवलतही त्यामुळंच मिळते. १५-२० हजारांच्या मुदतठेवीवर क्रेडिट कार्ड देणाऱ्या बँका आहेत. त्यावर थोडा खर्च करून दर महिन्याला पूर्ण भरा. कापसाचा चुकारा आणि सोयाबीनचे पैसे खात्यातच घ्या, बाजार समितीच्या पावत्या जपून ठेवा. रोखीनं विकलेला माल बँकेच्या लेखी पिकलेलाच नसतो.

मग अर्ज, तोही एकाच ठिकाणी. महिनाभरात पाच ठिकाणी अर्ज टाकले तर पाचही चौकशा रिपोर्टात उमटतात. फायनान्स कंपन्या डागाळलेल्या रिपोर्टावरही कर्ज देतात, पण दर चढा लावतात. १० लाखांना १५ वर्षांसाठी १० टक्क्यांनी हप्ता सुमारे १०,७५० रुपये पडतो, १३ टक्क्यांनी सुमारे १२,६५०. शेवटपर्यंत फरक ३ लाख ४० हजारांच्या आसपास जातो. वर्षभर थांबून बँकेत जाणं परवडतं का, ते या आकड्यांवरून ठरवा. उत्पन्न हंगामी असेल तर सहामाही हप्ता मिळेल का, हेही विचारा. जुनी थकबाकी लपवू नका. कोणत्या वर्षी पीक गेलं आणि कर्ज कधी फिटलं हे एका पानावर लिहून दाखल्यांसह आपणहून द्या.

‘पाच हजारांत सिबिल साफ करतो’ म्हणणाऱ्या दलालाला दारातूनच परत पाठवा. खरी नोंद तो पुसू शकत नाही आणि खोटी नोंद तुम्हीच फुकटात काढू शकता. अर्ज नाकारला गेलाच तर कारण लेखी मागा. त्या कागदात स्कोअर, जागा की उत्पन्न, यातलं जे लिहिलं असेल तेवढंच दुरुस्त करून पुन्हा अर्ज करा.