दोन मोटरची फोर्कलिफ्ट चढावर ओव्हरलोड दाखवत होती

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेल कारखान्यात तीनचाकी बॅटरी फोर्कलिफ्ट आहे. पुढच्या दोन्ही चाकांना वेगळी मोटर. सुताच्या गाठी घेऊन रॅम्प चढताना ओव्हरलोड येऊन गाडी रांगायची. 'करंटची मर्यादा वाढवा,' असं काहींनी सुचवलं. मी ठाम नकार दिला. करंट दुप्पट झाला की मोटरच्या वाइंडिंगमधली (आतल्या तारेच्या गुंडाळीतली) उष्णता चौपट होते, त्यात सोलापूरचा उन्हाळा!

तारेभोवती अडकवून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावला. सपाट जमिनीवर सरळ जातानाही उजवी मोटर डावीपेक्षा बराच जास्त करंट ओढत होती. दोष स्टिअरिंगच्या अँगल सेन्सरचा, म्हणजे वळणारं मागचं चाक किती वळलंय ते सांगणाऱ्या सेन्सरचा. चाक सरळ असताना तो डावं वळण दाखवायचा. वळताना आतल्या बाजूचं चाक हळू फिरावं लागतं, म्हणून मोटरी चालवणारा कंट्रोलर डाव्या मोटरचा वेग कमी करायचा आणि सगळा भार उजवीवर यायचा. ब्रॅकेटचे सैल स्क्रू आवळले, सेन्सरचा शून्य नव्याने सेट केला. आता दोन्हींचे आकडे जवळपास सारखे येतात.