गोव्यातला पहिला मे महिना: मुलांना कुठे न्यायचं, कधी न्यायचं

आम्ही २००९ साली सोलापूरहून फोंड्याला आलो. ह्यांना कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली होती. मोठी मुलगी सहा वर्षांची आणि धाकटा कडेवर. सोलापूरला मे महिन्यात पारा ४२ अंशांवर जातो, त्यामुळे इथला ३४ अंशांचा उन्हाळा आम्हाला काहीच वाटला नाही. एप्रिलमधल्या एका रविवारी डबा घेऊन सकाळी अकराला समुद्रावर गेलो. पाऊण तासात मुलगी गप्प झाली. खेळ सोडून वाळूत बसली, मग उलटी झाली, ओठ पांढरे पडले. लाल-पिवळ्या कपड्यांतला एक जीवरक्षक धावत आला, तिला उचलून माडाच्या सावलीत नेलं, मानेवर ओला टॉवेल ठेवला आणि साखर-मिठाचं पाणी घोट-घोट पाजायला लावलं. अर्ध्या तासाने ती सावरली. ती भीती मी अजून विसरलेले नाही. म्हणून कुंडई, वेर्णा, पिळर्णच्या औद्योगिक वसाहतींत नवीन आलेलं कुटुंब भेटलं की सहलींचा विषय मीच काढते.

सोलापूरचं ऊन भाजतं, गोव्याचं ऊन शिजवतं. तिकडे हवा कोरडी, घाम सुकतो आणि सुकताना अंग गार करतो. इथल्या हवेत आधीच इतकी वाफ असते की घाम नुसता ओघळत राहतो, सुकतच नाही, आणि आतली उष्णता आतच राहते. लहान मुलांना ते सांगता येत नाही, ती फक्त चिडचिडी होतात किंवा एकदम शांत बसतात. तेव्हा मोबाइलवरचा तापमानाचा आकडा पाहून बेत ठरवू नका. उन्हाळ्यात बाहेर पडायच्या वेळा दोनच: पहाटे सहापासून दहापर्यंत आणि दुपारी चारनंतर. मधला वेळ घरात किंवा दाट सावलीत. इथली बरीच दुकानंही दुपारी एक ते चार बंद असतात, ती उगीच नाही. आमच्या घरमालकीण काकी पहिल्या वर्षी मला दारातच अडवायच्या, "दनपारां खंय वता गो?" म्हणजे भर दुपारी कुठे निघालीस. त्यांचं ऐकायला मी एक वर्ष घालवलं. तुम्ही पहिल्या आठवड्यापासून ऐका.

समुद्रावर जायचं तर घड्याळाच्या आधी तिथी बघा. कोकणपट्टीतला जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. वद्य पक्षातही एकपासूनच मोजायचं. दिवसात दोन भरत्या असतात, आणि पूर्ण भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो, पण भिंतीवरच्या कॅलेंडरवरून रविवारचा बेत ठरवायला पुरतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास संध्याकाळी पाचच्या सुमाराला पाणी खूप मागे जातं आणि ओली, घट्ट वाळू मोकळी होते. चेंडू खेळायला, किल्ले करायला यासारखी वेळ नाही. मात्र याच दिवसांत पाण्याची ओढही सगळ्यात जास्त असते, त्यामुळे मुलांनी घोट्यापर्यंतच्या पाण्यात राहायचं.

ती ओढ कशी ओळखायची ते मुलांना प्रत्यक्ष दाखवा. घोटाभर पाण्यात हात धरून उभं करा. लाट परतताना टाचांखालची वाळू निसटते आणि टाच खड्ड्यात जाते. तुमच्यासारख्या जड माणसाच्या पायाखालची वाळू जर इतक्या वेगाने जाते, तर मुलाला कमरेएवढ्या पाण्यात काय होईल, हे त्यांना तेवढ्यातच समजतं. दुसरी गोष्ट मोठ्यांसाठी. फुटणाऱ्या लाटांच्या मधे एखादा पट्टा शांत, गडद दिसतो. नवीन माणूस तिथेच पोहायला जातो, कारण तिथे लाटा नाहीत. पाणी तिथूनच आत ओढलं जात असतं. त्यात कुणी सापडलंच तर किनाऱ्याकडे झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघायचं. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून जीवरक्षक आहेत. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पाण्यात उतरायचं, लाल झेंडा असेल तर नाही, आणि अंधार पडू लागला की बाहेर. नदी जिथे समुद्राला मिळते तिथे तर उतरूच नका: मिरामारला मांडवी, मोरजीला शापोरा, मोबोरला साळ, केरीला तेरेखोल. बघायला सुंदर जागा आहेत, बसा, फिरा, फोटो काढा.

मुलं लहान असतील तर पाळोळेचा अर्धगोल किनारा बरा, पाणी हळूहळू खोल होत जातं. पेडण्यातल्या केरीला आणि काणकोणातल्या गालजीबागला सुरूची झाडं आहेत, सतरंजी टाकून बसायला सावली मिळते. गालजीबाग, आगोंद, मोरजी, मांद्रे इथे सागरी कासवं अंडी घालतात आणि उन्हाळ्यात पिल्लं बाहेर येतात. वन खात्याने कुंपण घातलेल्या जागेपासून लांब राहा. संध्याकाळनंतर टॉर्च, मोबाइलचा उजेड, गाणी बंद. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात, चुकीचा उजेड दिसला की समुद्राकडे जायचं सोडून भलतीकडे जातात. मुलांना हे आधी घरी सांगितलं तर ती फार जबाबदारीने वागतात. माझा धाकटा सात वर्षांचा असताना शेजारच्या मोठ्या माणसाला टॉर्च विझवायला सांगून आला होता.

पण समुद्र म्हणजेच गोवा हा पर्यटकांचा समज आहे. तुम्ही आता इथले रहिवासी आहात, तुम्हाला वर्षभर वेळ आहे. आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळा झालेली सहल फेरीबोटीची आहे. रायबंदरहून चोडणला पाच-सात मिनिटांत बोट जाते. पलीकडे डॉ. सालीम अली पक्षी अभयारण्य, खारफुटीतून जाणारी पायवाट. मे महिन्यात पाहुणे पक्षी निघून गेलेले असतात, पण सावली असते. ओहोटीला चिखलात लाल नांगीचे खेकडे आणि उड्या मारणाऱ्या निवट्या दिसतात. पाण्याबाहेर पंखांवर चालणारा मासा पाहून मुलं तासभर हलत नाहीत. जुन्या गोव्याहून दिवाडीलाही असंच जाता येतं.

आता मनापासून सांगावीशी सहल. सांगे तालुक्यातलं कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्यात गेलं, गावकऱ्यांचं पुनर्वसन वाडे आणि वालकिणीला झालं. दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की मे महिन्यात गाव पुन्हा वर येतं. भेगाळलेल्या मातीतून जुना रस्ता दिसतो, चिऱ्यांच्या भिंतींचे पाये, विहिरीचे कठडे, झाडांचे करडे बुंधे. सोमेश्वराचं देऊळ अजून उभं आहे. मे महिन्यात तिथे उत्सव होतो, विस्थापित कुटुंबं परत येतात. म्हातारी माणसं नातवंडांना हाताला धरून एका चौथऱ्यावर उभी करतात आणि सांगतात, हे आपलं स्वयंपाकघर होतं. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर या गावच्या, जन्म १९०४ चा. किशोरी आमोणकरांच्या त्या आई. आडनावातलं कुर्डी हेच, हे मुलीला तिथे उभं राहून सांगताना माझा आवाज भरून आला होता. मीही गाव सोडून आलेली, पण माझं गाव जागेवर आहे.

तिथे सावली अजिबात नाही. पहाटे निघा, साडेनऊला परत फिरा, प्रत्येकी दोन लिटर पाणी आणि टोपी हवीच. पाण्याच्या कडेचा चिखल वरून सुकलेला दिसतो आणि आत गुडघाभर रुततो, मुलांना त्याच्या जवळ सोडू नका. आणि उत्सव त्यांचा आहे. विचारल्याशिवाय कुणाचे फोटो काढू नका, भिंतींवर चढू देऊ नका, तिथली वीट किंवा कौलाचा तुकडा आठवण म्हणून उचलू नका.

डोंगराकडच्या जागा थोडक्यात. बोंडला अभयारण्य लहान मुलांना छान, गुरुवारी बंद असतं. तांबडी सुर्लाचं कदंबकालीन महादेव मंदिर सकाळी पाहा, काळ्या दगडाचा गाभारा मेमध्येही गार असतो. दूधसागर ३१० मीटर उंच आहे, पण मे महिन्यात धार अगदी बारीक असते. पाहुण्यांना तो दाखवायचा तर पावसानंतर, कुळ्याहून जीप सुरू झाल्या की बोलवा. सत्तरीच्या जंगलात जानेवारी ते मे माकडतापाची भीती असते. तिथे हा ताप २०१५ पासून नोंदला गेलाय, तो गोचिडींमुळे होतो. पूर्ण बाह्या, पायमोजे, पाचोळ्यात बसायचं नाही, मेलेलं माकड दिसलं तर लांबून निघून वन खात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवायचं. जंगलात चूल किंवा शेकोटी नको. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात किती आगी लागल्या ते इथल्या सगळ्यांनी पाहिलंय. आणि बंद चिरेखाणीत साठलेलं हिरवं पाणी कितीही शांत दिसलं तरी त्यात कुणालाही उतरू देऊ नका. कडा सरळ कापलेल्या असतात, पाय टेकायला पायरीच नसते.

डब्याबद्दल. आमची सोलापूरची कडक भाकरी इथे एका रात्रीत चामड्यासारखी होते, घट्ट झाकणाच्या डब्यातच टिकते. शेंगाचटणी मात्र तग धरते. ओल्या नारळाचं वाटण घातलेलं काहीही सकाळी करून दुपारी खाऊ नका, आंबतं. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की उंडे (गोल पाव) घ्यावेत, बरोबर सुकी बटाट्याची भाजी, मानकुराद आंबे, कोकम सरबत. पोळी मागितलीत तर पोदेर कोंडा लावलेला गोल पाव देईल, चपाती नव्हे. नीरो, म्हणजे काजूच्या बोंडांचा ताजा रस, मार्च ते मे मिळतो. तो सकाळी नऊच्या आत ताजा आणून मुलांना द्या. दुपारपर्यंत तो आंबायला लागतो, मग मुलांना नको.

वाढदिवस, मित्रमंडळींचं जेवण बाहेर करायचं असेल तर किनारा डोक्यातून काढून टाका. पर्यटन स्थळांच्या २००१ च्या कायद्यात २०१९ ला दुरुस्ती झाली, तेव्हापासून उघड्यावर स्वयंपाक आणि दारू दोन्हीला दंड आहे. दुरुस्तीत तो एका माणसाला २,००० आणि गटाला १०,००० रुपये ठरला होता. वाळूत गाडी घालणंही गुन्हा. त्यापेक्षा एखादं कुळागर पाहा. पोफळी, माड, केळी, मिरीचे वेल आणि मधून पाटाचं पाणी. फोंड्यातल्या सावईवेरे, केरी भागात मसाल्यांच्या बागा केळीच्या पानावर जेवण देतात, आधी सांगावं लागतं. घराच्या अंगणात करणार असाल तर शेजाऱ्यांना दोन दिवस आधी स्वतः जाऊन सांगा आणि जेवायलाही बोलवा. इथल्या वाड्यावर नुसत्या मेसेजचं आमंत्रण पोचत नाही. ध्वनिक्षेपकाला परवानगी लागते आणि रात्री दहाला तो बंद. मेच्या मध्यापासून संध्याकाळी अचानक विजा आणि वळीव येतो, म्हणून विजेच्या माळा लावायच्या आधी पानं आत कुठे मांडता येतील ते ठरवून ठेवा. आमच्या धाकट्याच्या पाचव्या वाढदिवसाला केक कापायच्या क्षणी पाऊस आला, वीस माणसं दहा बाय बाराच्या खोलीत जेवली. ते जेवण झालं ते शेजारच्या काकींनी आपलं दार उघडलं म्हणून.

मेच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्यांनी मिळून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला सकाळी सातला जा. पावसाळ्याची बेगमी, म्हणजे इथलं पुरुमेंत, तिथे भरतात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणून लोक सुकी मासळी, मिरच्या, कांद्याच्या माळा, कोकमाची सोलं घेऊन ठेवतात. मुलांना एकेक पिशवी द्या, भाव त्यांना विचारू द्या. सोलं घेताना बोटांनी दाबून पाहा. ओलसर लागली तर घरी आणून दोन उन्हं द्या आणि मगच बरणीत भरा. पाऊस साधारण ५ जूनला येतो, तेवढे दिवस हातात असतात.