गाडीच्या दाराच्या रॉडला प्ले (थोडी ढील) ठेवा

आयटीआयला मोटर मेकॅनिकची दोन वर्षं काढून गॅरेजला लागलात की पहिलं काम इंजिनाचं मिळत नाही, दाराचं मिळतं. मिस्त्री इंजिनात डोकं घालून बसतो आणि तुम्हाला सांगतो, "त्या मारुती एटहंड्रेडचं दार बघ जरा." हे काम कुणालाच नको असतं. मजुरी कमी, पत्र्याच्या धारेने हात कापणार, आणि गिऱ्हाईक डोक्यावर उभं.

आमच्या कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यात जाम दारांचा हंगाम ठरलेला आहे. गणपतीला मुंबईकर गावी येतात आणि खळ्यात ताडपत्रीखाली अख्खा पाऊस काढलेली जुनी गाडी बाहेर काढतात. मारुती ८०० बंद झाली २०१४ ला, म्हणजे त्यातली सगळ्यात नवी गाडीसुद्धा आता जुनीच. तरी १५ वर्षं झाली की रजिस्ट्रेशन ५-५ वर्षांनी वाढवून घेतात आणि चालवतात. रोज उघडझाप होणारं दार सहसा जाम होत नाही. उभ्या गाडीचं होतं, आणि ताडपत्रीने तर जास्तच, कारण खारी, दमट हवा आतच कोंडून राहते.

हत्यार उचलण्याआधी बाहेरचं हँडल, आतलं हँडल आणि चावी, तिन्ही स्वतः हाताने चालवून बघा. गिऱ्हाइकाच्या "काहीच चालत नाही" वर जाऊ नका. हँडल हलकं लागलं, मागे काही नाहीच असं वाटलं, तर हँडलला लॉकशी जोडणारा रॉड सुटलाय. त्याची प्लास्टिकची क्लिप कडक होऊन तुटलेली असते. हँडल जड लागून अर्ध्यात अडलं तर लॉकने धरलंय. मागचं दार फक्त आतून उघडत नसेल तर आधी दाराच्या कडेचा चाइल्ड लॉक बघा. कुणा पोराने तो खाली केलेला असतो आणि आपण दाराचं आतल्या बाजूचं पॅड उघडून बसतो. नंतर बसवलेलं सेंट्रल लॉकिंग असेल तर त्याची मोटर रॉडवरून सुटी करून परत बघा. निम्म्या वेळा तीच अडवते.

दार बंद स्थितीतच अडकलं असेल तर ओढाओढी नको. आमचे मिस्त्री यावरून ओरडायचे, "मेल्या, ओढतंस कित्याक? आधी आत ढकल!" ते का, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. सांगायची पद्धतच नव्हती, बघून शिकायचं. मला हे मुळीच पटत नाही. बघून हात शिकतो, कारण कळत नाही, आणि कारण कळलं नाही की दुसऱ्या गाडीवर गाडं अडतं. तर कारण असं: लॉकमध्ये एक फिरता आकडा असतो, तो चौकटीवरच्या कडीला धरतो. त्या आकड्याला अडवून ठेवणारा एक खटका असतो. हँडल ओढलं की फक्त हा खटका मागे सरतो. बिजागरी झिजून दार खाली बसलं असेल, किंवा रबर बीडिंग नवं, जाड घातलं असेल, तर दार सतत बाहेर रेटत राहतं आणि आकडा खटक्यावर दाबून बसतो. वर गंज असला की खटका हलायचं नाव घेत नाही. एकाने कंबरेने दार आत दाबायचं, त्याच वेळी दुसऱ्याने हँडल ओढायचं. भार हटतो, खटका सुटतो. बरीच दारं एवढ्यावर उघडतात. नाही उघडलं तर पुढची सीट काढून जागा करा आणि दार बंद असतानाच पॅड सोडवा. वेळखाऊ काम आहे, पण होतं.

काच खाली करायच्या हँडलमागे घोड्याच्या नालेसारखी तारेची क्लिप असते. स्क्रू ड्रायव्हर खुपसून हँडल फोडू नका. जुन्या फडक्याची पट्टी हँडलमागे घालून डावी-उजवी घासत ओढा, क्लिप बाहेर उडते. उडते म्हणजे खरंच उडते, वरून हात धरा. काच वर चढवून मगच आत हात घाला. लॉकचे स्क्रू गंजलेले असतात. त्यांना मोठ्या, तीन नंबरच्या टोकाचाच स्टार स्क्रू ड्रायव्हर लावा. लहान टोक फिरलं की स्क्रूचं डोकं गेलं, मग ड्रिल करत बसा.

आता मुख्य गोष्ट. नवीन पोरं हमखास इथेच फसतात, आणि मलाही कुणी सावध केलं नव्हतं.

बाहेरच्या हँडलपासून लॉकपर्यंत जाणाऱ्या रॉडच्या टोकाला आटे असतात आणि त्यावर फिरवून लांबी कमी-जास्त करायचा प्लास्टिकचा तुकडा. जुनं हँडल तुटलेलं, म्हणून बाजारातलं बदली हँडल लावतो. त्याचा दांडा मूळ हँडलपेक्षा किंचित वेगळा बसतो. हँडल बरंच ओढल्यावर कुठे लॉक सुटतं. गिऱ्हाईक म्हणतं, "जरा हलकं करा." आपण तो तुकडा फिरवतो आणि रॉड ताणून घेतो. आता बोट लावलं की दार उघडतं. गिऱ्हाईक खूश, मिस्त्री खूश, आपणही खूश.

आणि तिथेच घोळ झालेला असतो. रॉड ताणलेला, म्हणजे हँडलला हात न लावताही तो खटक्याला थोडा मागे खेचून धरतो. खटका आकड्याच्या दातावर पूर्ण बसतच नाही, टोकावर टेकतो. दार बंद होतं, आवाजही ठीक येतो, गॅरेजच्या आवारात सगळं झकास. आम्ही अशीच दिलेली एक गाडी फोंडा घाटात उजव्या वळणावर होती आणि डाव्या बाजूचं पुढचं दार उघडलं. शेजारी बसलेल्या वहिनींनी डॅशबोर्ड धरला म्हणून निभावलं. मालक परत आले तेव्हा काही बोलले नाहीत, नुसतं दार दोन बोटांनी उघडून दाखवलं.

तेव्हा नीट लक्षात घ्या. हँडल सोडलेलं असताना रॉड ताणलेला नको. बोटाने चाळवला तर किंचित हलला पाहिजे. हँडलचा सुरुवातीचा थोडा प्रवास मोकळा जायला हवा, त्यानंतर लॉक सुटावं. हा प्ले. गिऱ्हाईक कुरकुरलं तर कुरकुरू दे, प्ले काढून टाकू नका. प्ले बरोबर ठेवूनही हँडल फारच जास्त ओढावं लागत असेल तर दोष रॉडच्या लांबीत नसून लॉकच्या गंजात किंवा झिजलेल्या हँडलमध्ये असतो. तो तिथे काढा.

बघायचं कसं? दार उघडं ठेवा. स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्याने आकडा आत फिरवा. दोन टप्पे वाजले पाहिजेत, टक्, टक्. दुसऱ्या टप्प्यावर आकडा बाहेरच्या दिशेला जोरात ओढून बघा, हलता कामा नये. मग बाहेरच्या हँडलने सोडा. परत फिरवा, आतल्या हँडलने सोडा. परत फिरवा, चावीने कुलूप लावा, काढा, सोडा. हे सगळं होईपर्यंत दार लावायचंच नाही. एखादा रॉड जोडायचा राहिला आणि दार लावलं, तर संध्याकाळ त्याच दारासमोर जाते. कंटाळा येईल, "झालं का रे?" अशी हाक येईल. येऊ द्या.

यातून घाबरून जाऊ नका. दाराचं लॉक हे साधं यंत्र आहे, एकदा सुटं करून टेबलावर हाताने फिरवून बघितलं की त्यात गूढ काही उरत नाही. भंगारातलं एखादं लॉक मागून घ्या आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्याच्याशी खेळा. डावं-उजवं वेगळं असतं, तेही तिथेच कळेल.

गंज सोडवायच्या स्प्रेबद्दल माझं मत कडक आहे. फवारा मारून दार सुटतं, गिऱ्हाईक जातं आणि पंधरवड्यात परत येतं. स्प्रे जुनं ग्रीस धुऊन काढतो, नवं घालत नाही. लॉक काढा, डिझेलमध्ये ब्रशने धुवा, फडक्याने कोरडं करा, मग आकडा-खटक्याला ग्रीस. चावीच्या भोकात मात्र तेल-ग्रीस नको. आपली जांभ्याची तांबडी धूळ त्यात बसते आणि चिखल होतो. तिथे ग्रॅफाइटची पूड, नसेल तर पेन्सिलीचं शिसं घासून. चावी झिजलेली असेल तर घरात पडलेली न वापरलेली दुसरी चावी आणायला सांगा आणि डुप्लिकेट तिच्यावरून काढा. झिजलेल्या चावीवरून काढलेली नवी चावीही झिजलेलीच निघते. आणि पट्टी-तार घालून दार उघडायची करामत शिकवणारे पुष्कळ भेटतील. आतले रॉड वाकवून ठेवतात ते. अनोळखी माणसाची गाडी तर आरसी बघितल्याशिवाय उघडूच नका.

पॅडमागचा प्लास्टिकचा कागद पुष्कळ जण फाडून फेकतात. दारात पाणी शिरणारच. काचेच्या रबरातून ते आत उतरतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर जातं, दाराची रचनाच तशी आहे. कागद नसेल तर तेच पाणी पॅडमध्ये मुरतं आणि गाडीत येतं. कागद परत चिकटवा आणि खालची भोकं तारेने मोकळी करा. आपल्याकडे ती तांबड्या मातीने लिंपलेली असतात. पाणी तुंबलं की दाराचा तळ तर सडतोच, वर लॉकपर्यंत दमट राहतं आणि केलेलं काम पुढच्या पावसात वाया.

ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर मात्र पहिल्या पगारातून स्वतःचा घ्या. गंजलेल्या स्क्रूला त्याच्याशिवाय इलाज नाही, आणि मिस्त्री आपला देत नाहीत.