लाजवर्ताची माळ घेताना आधी भोक बघा

नागपूरच्या इतवारीत सराफ्याच्या मागच्या गल्लीत माझं पटव्याचं काम. पोत गाठवणं, तुटलेली माळ ओवणं, गोफ बदलून देणं. आजकाल काळ्या मण्यांसोबत निळ्या मण्यांच्या लड्याही खूप येतात. कोणाला साडेसातीसाठी नीलम परवडत नाही म्हणून लाजवर्त, म्हणजे लॅपिस लाझुली हा निळा दगड, हवा असतो, कोणाला नुसता रंग आवडलेला असतो. लडी गादीवर ठेवली की प्रश्न ठरलेला: "काकू, हा खरा हाय का?" दुकानदार याचं उत्तर देताना मण्याची चमक दाखवतो. मी भोक बघते. तुम्हीही तेच बघा.

मणी वरून पॉलिश करता येतो, रंगवता येतो, मेणात घोळता येतो. भोकाच्या काठाशी मात्र सगळं उघडं पडतं. घड्याळजी वापरतात तसलं दहापटीचं भिंग घ्या आणि उजेडाकडे तोंड करून बसा. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली बघू नका, त्या दिव्यात कोणताही निळा गहिराच दिसतो. भोक पाडताना काठाचा बारीक टवका उडालेला असतोच. त्या टवक्यात आतून पांढरं दिसलं आणि वरून गडद निळं, तर तो रंगवलेला हाउलाइट नाहीतर मॅग्नेसाइट, दोन्ही मुळात पांढरे दगड. भोकाभोवती रंग साचून काळपट कडं दिसलं तरी रंगाचाच संशय घ्यायचा. खरा लाजवर्त आतबाहेर निळाच असतो. मध्ये एखादा पांढरा ठिपका आला तर त्याला घाबरू नका.

कारण लाजवर्त म्हणजे नीलमासारखा एकसंध स्फटिक नाही, तो तीन-चार खनिजांचा मिळून झालेला दगड आहे. निळेपणा लाझुराइटचा, पांढरे डाग कॅल्साइटचे, सोनेरी ठिपके पायराइटचे. पायराइटचे ठिपके वेडेवाकडे, फिकट पितळी रंगाचे असतात. एका मण्यात दाटी, तर शेजारच्यात एकही नाही. सगळ्या मण्यांत सारखीच, तांबूस, रवाळ चकाकी दिसली तर ती तांब्याचे कण घातलेली निळी काच. दिसायला छान असते, पण ती काच आहे आणि काचेच्याच भावात घ्यावी. रोमचा प्लिनी पहिल्या शतकात 'सॅफिरस' नावाच्या निळ्या दगडातले सोनेरी ठिपके नोंदवून गेला. नाव सॅफायरसारखं असलं तरी ते वर्णन आजच्या नीलमाला लागू पडत नाही, लाजवर्ताला पडतं.

भिंगाने समाधान झालं नाही तर दोरा काढा. पांढरा सुती दोरा नेलपॉलिश काढायच्या अॅसिटोनमध्ये भिजवायचा आणि भोकातून चार-पाचदा मागेपुढे ओढायचा. दोरा निळा झाला की मणी रंगवलेला. हे बाहेरून कापसाने पुसून करण्यापेक्षा बरं, कारण बाहेर मेणाचा थर असतो आणि भोकाच्या आत तो सहसा पोचत नाही. एक लक्षात ठेवा, निळ्या दोऱ्याचा अर्थ दरवेळी दगडच खोटा असा नसतो. कॅल्साइट जास्त असलेला हलका लाजवर्तही रंगवून विकतात. दगड खरा, रंग उसना. भाव मात्र निम्म्याहून खाली यायला हवा.

"आजकाल सगळंच नकली" असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी इजिप्तच्या तुतानखामेन राजाची गोष्ट सांगते. १९२२ साली हॉवर्ड कार्टरला त्याची कबर सापडली. तिथे निघालेल्या सोन्याच्या मुखवट्याच्या भुवया आणि डोळ्यांच्या कडा खऱ्या लाजवर्ताच्या आहेत. डोक्यावरच्या वस्त्राचे निळे पट्टे? ते काचेचे. त्या आधीच इजिप्तमध्ये वाळू, चुना आणि तांबं भाजून निळा रंग तयार व्हायचा. मेसोपोटेमियाच्या मातीच्या पाट्यांवर तर 'डोंगरातला' आणि 'भट्टीतला' असे लाजवर्ताचे दोन प्रकार वेगळे लिहिलेले आहेत. माझ्या मते ही फसवणूक नव्हे. भट्टीतला माल भट्टीतला म्हणूनच नोंदवला जात होता, आणि आपल्या बाजारात अडतं ते नेमकं तिथेच.

आता वजन. घरात छोटा डिजिटल काटा असेल तर एवढं कराच. आधी माळ कोरडी जोखा. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्यावर आणा आणि माळ दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल अशी धरा, तळाला किंवा काठाला लागू देऊ नका. आता जो आकडा येईल त्याने कोरड्या वजनाला भागा. समजा माळ २८ ग्रॅम आणि पाण्यातला आकडा १०, म्हणजे २.८. लाजवर्त साधारण २.७ ते २.९ मध्ये बसतो. २.३ च्या आसपास आलं तर सोडालाइट, तोही निळा, पांढऱ्या शिरांचा, आणि तोच सर्वांत जास्त चकवतो. हाउलाइट २.५ च्या आगेमागे. प्लास्टिक तर दीडपर्यंतही जात नाही. लडीतला एखादा मणी फुटलेला असेल तर तो टाईलच्या मागच्या खरखरीत बाजूवर घासून बघा: लाजवर्ताची रेघ फिकट निळी, सोडालाइटची पांढरी.

लिंबू, अॅसिड, तापलेली सुई हे प्रकार कोणी सुचवले तरी करू नका. अॅसिडने कॅल्साइट फसफसतो, सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि परीक्षा होते, पण पॉलिश कायमचं जातं.

"अफगाणी माल आहे" हे वाक्य प्रत्येक दुकानात ऐकू येईल. अफगाणिस्तानातल्या बदख्शान प्रांतात कोकचा नदीच्या खोऱ्यात सर-ए-संगच्या खाणी आहेत आणि प्राचीन जगातला बहुतेक लाजवर्त तिथलाच. इराकमधल्या उर शहरात लेनर्ड वुलीने पुआबी राणीची कबर उघडली, तेव्हा तिच्या शिरोभूषणात सोन्याच्या पानांसोबत लाजवर्ताचे आणि तांबड्या कार्नेलियनचे मणी निघाले, साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. खाणीपासून उर सरळ रेषेतही दोन हजार किलोमीटरांहून लांब. वाटेवर इराणच्या शहर-ए-सोख्ता इथे कारागीर दगड फोडून, तासून, गारगोटीच्या टोकाने मण्यांना भोकं पाडत; तिथला लाजवर्ताचा चुरा आजही सापडतो. सिंधू संस्कृतीच्या लोकांनी तर शोर्तुगाईला, थेट उत्तर अफगाणिस्तानात अमू दर्या नदीच्या बाजूला, वसाहत केली. खाणी जवळ, हे त्याचं एक कारण मानतात. आपल्या काटोल रोडवरच्या माहुरझरीलाही प्राचीन मणी घडवायचं मोठं केंद्र होतं, पण तिथलं नाव मुख्यतः अकीक आणि कार्नेलियनसाठी. ते दगड लाजवर्ताहून कितीतरी कठीण, त्यांना भोक पाडणाऱ्यांच्या हाताला मी मानते. आणि अजिंठ्याची चित्रं बघितली असतील तर त्यातला निळा लाजवर्ताच्या पुडीचाच आहे.

एवढं सगळं खरं असलं तरी 'अफगाणी' म्हटल्याने माल चांगला ठरत नाही. बदख्शानमधूनही पांढरट दगड निघतो. चिलीचा लाजवर्त मात्र बहुधा फिकट आणि कॅल्साइटने भरलेला, तो त्याच भावात घेऊ नका. पैसे रंगाचे द्या: गहिरा, किंचित जांभळट झाक असलेला, पांढरं कमीत कमी. बिलावर "नैसर्गिक लाजवर्त, रंग न दिलेला" असं लिहून मागा. दुकानदार नुसतं "निळा स्टोन" लिहितो म्हणाला तर लडी परत ठेवा.

ओवायला देताना दोन मण्यांच्या मध्ये गाठ मारायला सांगा, पैसे थोडे जास्त पडतील. लाजवर्ताची कठीणता पाच-साडेपाच, मणी एकमेकांवर घासून झिजतात, आणि धुळीतले गारेचे कण त्याहून कठीण असतात. म्हणून माळ कोरड्या फडक्याने खसाखसा पुसायची नाही. साध्या पाण्यात ओला करून घट्ट पिळलेला मऊ कपडा फिरवायचा, लगेच सुकवायचं. अत्तर, घाम, चांदी उजळायचं पाणी, सोनाराकडचं अल्ट्रासोनिक यंत्र, सगळ्यापासून लांब. उन्हाळ्यात घामाने सुती दोरा लवकर कुजतो, तेव्हा रेशमी किंवा नायलॉनचा घ्या आणि वर्षातून एकदा बदलून घ्या.