‘ईसीएम गेलाय’ म्हणण्याआधी: इंजिनचा कॉम्प्युटर तपासताना आणि बदलताना या चुका टाळा

सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण चालू होत नाही. स्कॅनर लावला तर तो म्हणतो, कम्युनिकेशन नाही. अशा वेळी सगळ्यात सोपा निकाल म्हणजे ‘ईसीएम गेलाय, नवा टाका’. ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर; त्याचा डबा सीलबंद असतो, आत काय चाललंय ते कुणाला दिसत नाही, त्यामुळे या निकालावर कुणी वादही घालत नाही.

प्रत्यक्षात इंजिनच्या आसपासच्या इलेक्ट्रिकल सामानात हा डबा बराच टिकाऊ असतो. तो कधीच जात नाही असं नाही. पण जातो तेव्हा बहुतेक वेळा त्याला कुणीतरी मारलेलं असतं: शॉर्ट झालेली कॉइल, कपलरमध्ये (वायरींच्या जोडणीत) शिरलेलं पाणी, उलटी लावलेली जंपर केबल. म्हणून नवा मागवण्याआधी दोन गोष्टींचा छडा लागला पाहिजे. तो खरंच गेलाय का, आणि गेला असेल तर कशाने? दुसरा प्रश्न टाळला, तर नवाही त्याच वाटेने जाण्याची दाट शक्यता असते.

कोड वाचला, निकाल दिला

स्कॅनरवर दिसणारा पी ०१०७ किंवा पी ०१२२ सारखा बिघाडाचा कोड एवढंच सांगतो की अमुक सेन्सरच्या वायरवर ईसीएमला अपेक्षेपेक्षा कमी व्होल्टेज दिसलं. दोष सेन्सरचा, वायरचा, अर्थिंगचा की ईसीएमचा, हे कोड सांगत नाही. एकमेकांशी संबंध नसलेले सात-आठ कोड एकदम आले, तर सात-आठ सेन्सर एकाच दिवशी गेले असं समजू नये, आणि ईसीएम वेडा झाला असंही नाही. त्या सगळ्यांना सामाईक काय आहे ते शोधावं. बहुधा एखादी सप्लाय, एखादा अर्थ (अर्थिंगची वायर) किंवा ५ व्होल्टची लाइन सापडते.

ईसीएम स्वतःबद्दल तक्रार करतो ते कोड वेगळे असतात. पी ०६०१ म्हणजे मेमरीची बेरीज जुळत नाही, पी ०६०४ म्हणजे रॅम, पी ०६०५ म्हणजे रॉम, पी ०६०६ म्हणजे प्रोसेसर. हे कोड गंभीरपणे घ्यावेत, पण लगेच नाही. बॅटरी मरतुकडी असेल आणि सेल्फच्या वेळी व्होल्टेज कोसळत असेल, तर चांगला ईसीएमसुद्धा असे कोड टाकू शकतो. पी ०६०३ तर नुसती बॅटरी काढून लावल्यावरही येऊ शकतो. बॅटरी पूर्ण चार्ज करा, कोड पुसा, किल्ली बंद-चालू करून पुन्हा बघा. सप्लाय आणि अर्थ चोख असताना तोच कोड परत येत असेल, तर डब्यावर संशय घ्यायला जागा आहे. यू ०१०० हा या यादीतला नाही. दुसऱ्या एखाद्या मॉड्यूलने (गाडीतल्या दुसऱ्या कॉम्प्युटरने) केलेली ती तक्रार आहे: इंजिनचा मॉड्यूल माझ्याशी बोलत नाही. तुटकी वायरसुद्धा हेच घडवून आणते.

स्कॅनर बोलत नाही, म्हणजे ईसीएम मेला

आधी स्कॅनरला स्वतःला वीज मिळते का ते बघा. १६ पिनांच्या डायग्नोस्टिक सॉकेटमध्ये १६ नंबरच्या पिनवर बॅटरीची सप्लाय आणि ४ व ५ नंबरवर अर्थ असायला हवा. अनेक गाड्यांत या सॉकेटचा आणि सिगारेट लायटरचा फ्यूज एकच असतो. लायटरच्या सॉकेटमध्ये कुणीतरी खराब चार्जर खुपसला, फ्यूज उडाला आणि स्कॅनर गप्प झाला, एवढीच गोष्ट असू शकते.

स्कॅनर एबीएसशी किंवा एअरबॅगच्या मॉड्यूलशी बोलतो का? बोलत असेल आणि फक्त इंजिन गप्प असेल, तर ईसीएमची सप्लाय, अर्थ आणि त्याच्यापर्यंतची वायर तपासायची. कुणाशीच बोलत नसेल तर कॅनच्या, म्हणजे सगळी मॉड्यूल्स ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या जोडवायरीकडे वळा. बॅटरी सोडून ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजला तर साधारण ६० ओहम यावा, कारण दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर असतात. १२० आला तर एक टोक तुटलंय. शून्याच्या आसपास आला तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात. मध्ये गेटवे (सॉकेट आणि मॉड्यूल्सच्या मधला दुवा) असलेल्या गाड्यांत हा हिशेब बदलतो, तेव्हा वायरिंग डायग्राम समोर असू द्या.

किल्ली ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा लागतो का, ही जुनी आणि चांगली खूण. लागत नसेल तर ईसीएम जागाच झालेला नाही. मात्र बऱ्याच नव्या गाड्यांत तो दिवा डॅशबोर्डवरच्या मीटरच्या हातात असतो आणि ईसीएमशी संपर्क तुटला तरी मीटर तो लावतं. तिथे या खुणेवर विसंबू नका.

ओहम मोजून अर्थ ठीक ठरवणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, म्हणून इथे जरा थांबू.

वीस तारांच्या वायरपैकी एकोणीस गंजून तुटल्या आणि एकच उरली, तरी मल्टिमीटर ओहमवर जवळजवळ शून्य दाखवतो. ओहम मोजताना तो वायरमधून जेमतेम नावापुरता करंट सोडतो, आणि तेवढ्याला एक तार पुरते. ईसीएम कामाला लागला, इंजेक्टर आणि कॉइल ओढायला लागले, की त्याच वायरीवर व्होल्टेज गळतं. मग अर्थ ‘तपासलेला’ असतो, फ्यूज ‘बघितलेले’ असतात आणि दोष डब्यावर येतो.

योग्य पद्धत म्हणजे गाडी काम करत असताना व्होल्टेज ड्रॉप मोजणं. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी प्रोब थेट बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर. क्लॅम्पवर नाही, बॉडीवर नाही, शिशाच्या पोलवर. लाल प्रोब ईसीएमच्या अर्थ पिनवर, कपलर जोडलेलाच असताना, मागच्या बाजूने. किल्ली ऑन करा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. रीडिंग ०.१ व्होल्टच्या आत राहिलं तर अर्थ चांगला. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आलं तर दोष हाती लागलाच. आता लाल प्रोब एकेक टप्पा बॅटरीकडे आणत जा: वायरीचं रिंग टर्मिनल, ते कसलंय तो बोल्ट, मग बॉडी किंवा इंजिन ब्लॉक, मग बॅटरीचा क्लॅम्प. ज्या दोन टप्प्यांच्या मध्ये आकडा एकदम उतरतो, बिघाड तिथे. अनेकदा तो रंगावर कसलेला किंवा गिअरबॉक्सच्या कामानंतर ढिला राहिलेला बोल्ट निघतो.

ईसीएमला एकापेक्षा जास्त अर्थ असतात. एक मोजून समाधान मानू नका.

सप्लायच्या बाजूलाही असंच: लाल प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, काळी ईसीएमच्या सप्लाय पिनवर. अर्धा व्होल्ट गळत असेल तर फ्यूजची पकड, रिलेचे पॉइंट आणि इग्निशन स्विच संशयित. सेल्फच्या वेळी बॅटरीचं व्होल्टेज साधारण ९.६ च्या खाली जात असेल तर आधी बॅटरीचा प्रश्न सोडवा, बाकी सगळं नंतर.

दुसरी खात्रीची तपासणी २१ वॅटच्या बल्बची. कपलर काढून हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) बाजूला सप्लाय आणि अर्थ पिनांमध्ये तो जोडायचा. बल्ब पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो. लख्ख पेटला तर वायर करंट नेऊ शकते, मिणमिणला तर नाही. इथे एक फसगत ठरलेली आहे. कित्येक गाड्यांत मेन रिले ईसीएम स्वतःच ओढतो. कपलर काढलात की रिलेला ओढणारं कुणी उरत नाही, त्या पिनवर वीज येत नाही, आणि ‘सप्लायच नाही’ म्हणून हार्नेस उसवला जातो. अशा गाडीत डायग्राम बघून रिलेची कंट्रोल वायर अर्थ करा, मगच ती पिन तपासा.

५ व्होल्टची लाइन विसरणं

ईसीएम बऱ्याच सेन्सरना ५ व्होल्ट पुरवतो: मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा), थ्रॉटल, अॅक्सिलरेटर पेडल, रेल प्रेशर आणि एसीच्या गॅसचा प्रेशर सेन्सर. यातला एक जरी आतून शॉर्ट झाला तरी त्या लाइनवरचे सगळे सेन्सर ठप्प होतात, आणि काही गाड्यांत ईसीएम स्कॅनरशी बोलणंही सोडतो. मेलेल्या ईसीएमचं याहून हुबेहूब सोंग दुसरा कुठलाच बिघाड वठवत नाही.

तपासणी सोपी आहे. एका सेन्सरच्या कपलरवर मीटर लावून ठेवा आणि बाकीचे सेन्सर एकेक करून सोडा. ज्याचा कपलर काढल्यावर ५ व्होल्ट परत आले, चोर तोच. एसीच्या सेन्सरकडे कुणाचं लक्ष जात नाही, म्हणून तो शेवटी नको, सुरुवातीलाच सोडून बघा. सगळे सोडूनही लाइन शून्यावर असेल तर ती वायर एखाद्या ब्रॅकेटवर घासून बॉडीला लागली आहे का ते शोधा. वायरही स्वच्छ निघाली, सप्लाय आणि अर्थ भाराखाली चोख आहेत, तरी ईसीएम ५ व्होल्ट देत नाही? तर मात्र डबा गेला म्हणायला हरकत नाही.

क्रँक सेन्सरचंही असंच. सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम बघा. शून्य दिसत असेल तर ठिणगी आणि इंधन न देणं हे ईसीएमचं बरोबरच आहे. त्याच्या लेखी इंजिन फिरतच नाहीये.

तपासताना नवा बिघाड करणं

टेस्ट लॅम्पची जाड सुई कपलरच्या पिनमध्ये घुसवली की पिन फाकते. मग ती कधी चिकटते, कधी नाही, आणि अधूनमधून येणारा बिघाड कायमचा मागे लागतो. इन्सुलेशन टोचूनही तपासू नका, त्या भोकातून ओल शिरते. साधा बल्बवाला टेस्ट लॅम्प सिग्नलच्या वायरींवर अजिबात नको, तो ओढतो तेवढा करंट तिथे परवडत नाही.

कपलर काढलाच आहे तर हिरवट चढ आणि ओलावा बघून घ्या. तेलही बघा. कॅम सेन्सर किंवा ऑइल प्रेशर स्विच गळत असेल, तर वातीतून चढावं तसं तेल वायरीच्या आतून ईसीएमच्या कपलरपर्यंत पोहोचतं. फक्त कपलर पुसून ते थांबत नाही.

मारेकरी न शोधता नवा बसवणं

ईसीएमच्या आत प्रत्येक कॉइल, इंजेक्टर आणि सोलेनॉइडसाठी एक ड्रायव्हर, म्हणजे त्यांना चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच असतो. बाहेरचं वाइंडिंग शॉर्ट झालं की ड्रायव्हरमधून जास्त करंट वाहतो आणि तो जळतो. एकाच सिलिंडरची ठिणगी किंवा एकच इंजेक्टर बंद असेल तर त्या जागेचं सामान नव्या डब्याच्या आधी मोजा. पेट्रोल गाडीतल्या नेहमीच्या पोर्ट इंजेक्टरचा रेझिस्टन्स बहुधा ११ ते १६ ओहमच्या दरम्यान असतो. कॉइलच्या प्रायमरीचा ओहमभराच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो, तेव्हा मीटरच्या वायरींचा रेझिस्टन्स वजा करायला विसरू नका. ज्या कॉइलमध्ये इग्नायटर आतच असतो ती अशी मोजता येत नाही.

अल्टरनेटर १५ व्होल्टच्या वर जात असेल तर रेग्युलेटर आधी दुरुस्त करा. आणि चालू इंजिनवर बॅटरीचा टर्मिनल काढून ‘अल्टरनेटर बघायची’ खोड अजून जिवंत आहे, ती सोडा. बॅटरी अचानक निघाली की व्होल्टेज उसळी मारतं, आणि ती उसळी झेलायला समोर ईसीएम असतो. बॉडीला वेल्डिंग करताना बॅटरी न सोडणं हाही त्याच जातीचा पराक्रम.

‘दुसऱ्या गाडीचा लावून बघू’

डबा दिसायला सारखा, कपलर सारखा, म्हणून ईसीएम सारखा होत नाही. हार्डवेअर नंबर आणि सॉफ्टवेअर नंबर दोन्ही जुळावे लागतात; मॅन्युअल आणि ऑटोमॅटिकचे वेगळे, वेगवेगळ्या प्रदूषण नियमांचेही वेगळे. नंबर जुळले तरी इमोबिलायझर, म्हणजे ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन चालू न देणारी चोरीविरोधी यंत्रणा, आडवा येतो. गाडी चालू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडते, किंवा होतच नाही, आणि लोक समजतात की दुसराही डबा खराबच निघाला. शिवाय मूळ गाडीत शॉर्ट असेल तर दुसऱ्याचा धडधाकट ईसीएम तुमच्या हातून जाईल.

जुना ईसीएम स्कॅनरशी अजून बोलत असेल तर काढण्याआधी त्यातलं कोडिंग (त्या गाडीसाठीची सेटिंग) वाचून ठेवा. कॉमन रेल डिझेलमध्ये प्रत्येक इंजेक्टरचा स्वतःचा कोड असतो आणि तो नव्यात भरावा लागतो. न भरल्यास आयडल (अॅक्सिलरेटर न दाबता इंजिनचं चालणं) खडबडीत होतं, धूर येतो. बोलणाऱ्या डब्याचा एखादाच ड्रायव्हर जळला असेल, तर मला नव्यापेक्षा बोर्डची दुरुस्ती पटते. इमोबिलायझरचा सगळा ताप वाचतो. अर्थात, ती करणारा हात जाणता हवा.

प्रोग्रामिंग करताना बॅटरीला स्थिर व्होल्टेज देणारा सपोर्ट चार्जर जोडा. साधा चार्जर चालत नाही. हेडलाइट, पंखा बंद ठेवा. लॅपटॉपचा स्लीप मोड बंद करा, कारण अर्ध्यावर तुटलेलं प्रोग्रामिंग नव्याकोऱ्या ईसीएमला कायमचा मुका करू शकतं. नंतर त्या गाडीला लागतील ती लर्निंग (नव्या ईसीएमला त्या गाडीच्या भागांची ओळख करून देणं) करून घ्या: थ्रॉटल, आयडल, क्रँक सेन्सर. ही न करता आयडल वरखाली होतं म्हणून डबा परत पाठवणारेही आहेत.

आणि जुना ईसीएम लगेच बदल्यात जमा करू नका. नवा थंड इंजिनवर, गरम इंजिनवर, एसी आणि पंखा चालू असताना नीट चालतो हे दिसेपर्यंत तो ठेवा. किल्लीचा किंवा कोडिंगचा डेटा राहून गेला असेल, तर तो बहुधा त्याच डब्यात सापडतो.