किस केल्यावर हर्पिसची धास्ती? तपासणीतल्या या चुका टाळा

किस केल्याच्या दुसऱ्याच दिवशी लॅब गाठून रक्त देणे ही नेहमीची चूक. हर्पिस म्हणजे ओठावर फोड आणणारा विषाणू. त्याची आयजीजी अँटिबॉडी (विषाणूशी लढायला शरीराने तयार केलेलं प्रथिन) रक्तात दिसायला काही आठवडे लागतात, कधी तीन-चार महिनेही. त्यामुळे दुसऱ्या दिवशीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर लागण जुनी, आणि निगेटिव्ह आला तरी कालच्या किसबद्दल तो काहीच सांगत नाही.

जुनी लागण तर बहुतेकांना असतेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 50 वर्षांखालचे 64 टक्के लोक एचएसव्ही-1 (हर्पिस विषाणूचा टाइप 1) बाळगून आहेत, आणि त्यातल्या अनेकांना तो लहानपणी घरच्यांच्या पाप्यांतूनच मिळालेला असतो. 'ओठावर ताप फुटला' म्हणून आपण सोडून देतो, तो हाच. आयजीजी पॉझिटिव्ह आल्याने हा विषाणू कुणाकडून आला, कधी आला, ओठात आहे की आणखी कुठे, यातलं काहीही कळत नाही. म्हणूनच काही लक्षण नसताना ही तपासणी करायला डॉक्टर सहसा सांगत नाहीत.

आयजीएम ही दुसरी अँटिबॉडी तपासणी तर त्याहून फसवी. टॉर्च पॅनेलमध्ये (अनेक संसर्गांच्या एकत्र रक्ततपासणीत) ती आपोआप येते. चुकीची पॉझिटिव्ह येते, जुना आजार उलटला तरी येते, आणि टाइप 1 व 2 नीट वेगळे करत नाही. असला कागद हातात धरून जोडीदाराला जाब विचारायला जाऊ नका.

त्यापेक्षा तारीख लिहून ठेवा आणि 2 ते 12 दिवस ओठांकडे लक्ष ठेवा. ओठाचा लाल भाग संपून कातडी सुरू होते त्या कडेला आधी मुंग्या, खाज, जळजळ. मग पाणी भरलेले बारीक फोड, एकटे नव्हे, घोसाने. ते फुटतात, पिवळसर खपली धरते आणि साधारण 7 ते 10 दिवसांत जागा भरून येते. मोठ्या माणसाला पहिल्यांदाच झाला तर ताप, घसादुखी, सुजलेल्या हिरड्या आणि मानेत गाठी येऊ शकतात.

फोड दिसला की पहिल्या 48 तासांत त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. सांगली-मिरज किंवा साताऱ्यापर्यंत जायचं म्हणून आठवडी सुट्टीची वाट बघितली तर तोवर खपली धरते, आणि मग पीसीआर (फोडातला विषाणू शोधणारी तपासणी) खोटी निगेटिव्ह येऊ शकते. स्वॅब ताज्या फोडाच्या तळातून घेतात. बऱ्याचदा मात्र डॉक्टर नुसतं बघूनच सांगतात.

प्रत्येक फोड हर्पिस नसतो. गालाच्या आत पांढरट-पिवळा, काठ लाल असा एखादा खड्डा म्हणजे तोंड आलंय, तो संसर्गजन्य नाही. ओठांचे कोपरे चिरलेत तर बुरशी, लोह किंवा बी जीवनसत्त्व बघा. तंबाखूचा चुना लागूनही कातडी सोलते. पण तंबाखू खाणाऱ्याची जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर हर्पिसचा विचार सोडा आणि दंतवैद्याकडे जा. नागीण हा वेगळाच, कांजिण्यांच्या विषाणूचा आजार. तिच्यासाठीचे लेप ओठावर नकोत.

मेडिकलमधून मिळणारं 'सगळ्यावर चालणारं' मिश्र मलम तर अजिबात लावू नका. त्यात बहुधा स्टेरॉईड असतं आणि विषाणूला मोकळं रान मिळतं. असायक्लोव्हिर या हर्पिसवरच्या औषधाच्या मलमाचा उपयोग बेताचाच. गोळ्या मुंग्या यायला लागताच घेतल्या तर फरक पडतो, म्हणून वारंवार होत असेल तर डॉक्टरांकडून चिठ्ठी आधीच घेऊन ठेवा. द्राक्षबागेत किंवा उसाच्या फडात दिवसभर उन्हात असाल तर एसपीएफ 30 चा लिप बाम लावा. ऊन हा आजार उलटवतं.

फोड असेपर्यंत किस, मुखमैथुन, एकाच पेल्यातून पिणं बंद. मुखमैथुनातून हाच विषाणू जननेंद्रियावर जातो. तान्ह्या बाळाची पापी तर मुळीच नको, नवजाताच्या जिवावर बेतू शकतं. फोडाला हात लागला तर साबणाने धुवा, डोळे चोळू नका. डोळा लाल होऊन दुखायला लागला किंवा उजेड सोसेना, तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर.

लाळेतून एचआयव्ही होत नाही. गोष्ट किसच्या पुढे गेली असेल, तर हर्पिसऐवजी एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी करा. ती सरकारी आयसीटीसी (समुपदेशन आणि तपासणी) केंद्रात मोफत होते आणि नाव गुप्त राहतं. विचारायचं असेल तर एड्स हेल्पलाइन 1097, टोल फ्री.